स्वतंत्र सेवा-व्यावसायिकांचे संकेतस्थळ : रचनेमागील विचार

प्रस्तावना

वकील, करसल्लागार, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक, वास्तुविशारद असे अनेक व्यावसायिक कोणत्याही मोठ्या संस्थेच्या आधाराविना स्वतंत्रपणे सेवा देतात. त्यांच्या व्यवसायाचा पाया परिचितांची शिफारस हा असतो. मात्र शिफारस मिळाल्यावरही अनेक ग्राहक आंतरजालावर त्या नावाचा शोध घेतात. त्यामुळे संकेतस्थळ हे व्यावसायिक व अनोळखी ग्राहक यांच्यातील पहिल्या भेटीचे स्थान ठरते. ही भेट सफल होण्यासाठी रचनेत कोणता विचार असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सेवेचे स्वरूप व ग्राहकाची अनिश्चितता

काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पारखता येतो, तर काहींचा वापरानंतरच कळतो, हा भेद अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला. १९७३ मध्ये डार्बी व कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली. या प्रकारात वापरानंतरही दर्जाची खात्री करणे ग्राहकास कठीण असते. व्यावसायिक सल्ला बहुतांशी याच प्रकारात मोडतो. प्राप्तिकर विवरणपत्रात दाखविलेली वजावट योग्य होती की नाही, हे करदात्यास कदाचित नोटीस आल्यावरच समजते. दर्जा पारखता येत नसल्याने ग्राहक बाह्य खुणांवर विसंबतो. म्हणून ग्राहकास पडताळून पाहता येईल अशी माहिती देऊन त्याची अनिश्चितता कमी करणे, हे सेवा-व्यावसायिकाच्या संकेतस्थळाचे मुख्य कार्य होय. सजावटीचे स्थान त्यानंतरचे आहे.

आशयाची निवड

भारतात वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. तथापि, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने संकेतस्थळावर मर्यादित माहिती देण्याची मुभा मिळाली. नाव, पत्ता, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता आणि कामाचे क्षेत्र अशी ही माहिती आहे. वरवर पाहता हे बंधन वाटते. परंतु अनोळखी ग्राहकाला प्रथम हवी असलेली आणि पडताळता येणारी माहिती नेमकी हीच असते. 'सर्वोत्कृष्ट', 'अग्रगण्य' अशी विशेषणे पडताळता येत नाहीत. नोंदणी क्रमांक पडताळता येतो.

अन्य व्यवसायांनीही हे तत्त्व आपापल्या आचारसंहितेच्या मर्यादेत स्वीकारण्यास हरकत नाही. कोणती सेवा दिली जाते व कोणती दिली जात नाही, शुल्काची आकारणी कशी होते, पहिल्या भेटीस कोणती कागदपत्रे आणावीत आणि भेटीची वेळ कशी ठरवावी, या प्रश्नांची उत्तरे मुखपृष्ठावरून सहज सापडली पाहिजेत.

भाषा, लिपी व सुगमता

मराठी ग्राहकवर्ग असलेल्या व्यावसायिकाने मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. जुन्या पद्धतीचे अनेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवीत. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत आणि शोधयंत्रालाही त्याचा अर्थ लागत नसे. आजही माहितीपत्रकाचे केवळ चित्र पृष्ठावर लावले जाते. योग्य पर्यायी मजकूर दिला नसल्यास दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचक-प्रणालीला ते वाचता येत नाही.

देवनागरीत मात्रा वर व उकार खाली येत असल्याने दोन ओळींत पुरेसे अंतर असावे. अक्षरांतील अंतर कृत्रिमरीत्या वाढविल्यास शिरोरेषा तुटते, हेही ध्यानात ठेवावे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगमताविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत, मधल्या स्तरासाठी सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा भेद अपेक्षित आहे. फिकट करड्या अक्षरांची आकर्षक वाटणारी रचना या कसोटीवर अनेकदा अपुरी पडते.

माहितीचे संकलन

संपर्क-अर्जात आवश्यक तेवढेच विचारावे. समुपदेशकाच्या संकेतस्थळावर 'आपली समस्या सविस्तर लिहा' असा रकाना असल्यास, अत्यंत खासगी मजकूर प्रत्यक्ष भेटीपूर्वीच कुठेतरी साठविला जातो. पहिल्या टप्प्यावर नाव, संपर्क क्रमांक व सोयीची वेळ पुरेशी असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही संमतीच्या आधारे घेतली जाणारी माहिती विशिष्ट हेतूपुरती मर्यादित असावी, हे तत्त्व अंतर्भूत आहे.

मालकी

गुगल बिझनेस प्रोफाइलमधून विनामूल्य तयार केलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. केवळ त्यांवर विसंबलेल्या लघुव्यावसायिकांना पर्याय शोधणे भाग पडले. समाजमाध्यमावरील पान उपयुक्त असले, तरी त्याचे नियम दुसरा ठरवितो. म्हणून स्वतंत्र डोमेन-नाव घ्यावे आणि त्याची नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे, तर व्यावसायिकाच्या नावे असावी. मजकुराची प्रतही स्वतःजवळ ठेवावी. अन्यथा रचनाकाराशी मतभेद झाल्यास अनेक वर्षे ग्राहकांच्या परिचयाचा झालेला पत्ताच हातातून जाण्याचा धोका असतो.

समारोप

स्वतंत्र व्यावसायिकाजवळ जाहिरातीचा मोठा निधी नसतो. विश्वास हेच त्याचे भांडवल असते. पडताळण्याजोगा आशय, वाचकाच्या भाषेतील सुवाच्य मजकूर, माहिती मागण्यातील संयम आणि मालकीबाबत सावधगिरी या चार बाबी त्या भांडवलाचे रक्षण करतात. वाणिज्य व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य देताना दृश्य आकर्षकतेबरोबर या चार निकषांवरही संकेतस्थळाचे मूल्यमापन करावयास सांगितल्यास, रचना हा सेवेचाच एक भाग आहे, ही जाणीव त्यांच्यात रुजू शकेल.