खुराड्याची फट

थंडीच्या सकाळी एखादी कोंबडी पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसली, की पहिला हात गोणपाटाकडे जातो आणि खुराड्याची फट न् फट बुजवली जाते. घात इथेच होतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस. फुगवलेल्या पिसांत अडकलेली हवा ते टिकवते. पिसं ओलसर झाली, की ही दुलई निकामी. बंद खुराड्यात श्वासाची वाफ साठते, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि श्वासनलिकेतली, जंतू बाहेर लोटणारी बारीक लव दुखावते. तळाशी वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर कोंबडी रात्रभर तेच हुंगते आहे.

मग आजारी कोंबडीला ऊब नको का? हवीच. तिचं खाणं सुटलेलं असतं. दाण्यावाचून अंगात उष्णता तयार कुठून होणार? पण ऊब तिला द्यावी, त्यासाठी सगळ्या खुराड्याचा श्वास कोंडू नये. तिला वेगळं, कोरड्या भाताच्या तुसावर ठेवावं. बल्ब एकाच बाजूला, उंचावर पक्का बांधावा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. वेगळं ठेवण्याचं दुसरं कारण अधिक गंभीर: राणीखेत रोग असेल, तर एकीमागून एक सगळ्या जाऊ शकतात. मान वाकडी, हिरवट पातळ विष्ठा किंवा धाप दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.