गंजलेला ट्रक : विकावा की दुरुस्त करावा?

अकोला-नांदेड महामार्गाने हिंगोली जिल्ह्यातून जाताना गॅरेजच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली, नाहीतर एखाद्या शेताच्या बांधाला उभा असलेला जुना ट्रक तुम्ही नक्कीच पाहिला असेल. चाके जमिनीत रुतलेली, केबिनचा पत्रा तांबूस झालेला आणि हौद्यात गवत उगवलेले! अशा ट्रकचे पुढे काय करायचे, हा प्रश्न भावनेचा आहे तसाच पैशाचाही आहे. पण त्याचे खरे उत्तर विज्ञानाच्या वर्गात सापडते. ते कसे, हे आज पाहू या.

समजा, वसमत तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडे आजोबांच्या वेळचा एक ट्रक आहे. तो सुरू झाला तर हळद बाजारात नेण्याचे भाडे वाचेल, चार पैसे वरही मिळतील. दुरुस्तीला सुरुवात झाली आणि इंजिनावर ९०,००० रुपये खर्च झाले. मग पैसे संपले आणि काम थांबले. आता दारात भंगारवाला उभा आहे. घरातल्या मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्चही जवळ आला आहे. वडील म्हणतात, "एवढे घातले आहेत, आता अर्ध्यावर कसे सोडायचे?" तुम्ही काय सल्ला द्याल?

गंज म्हणजे काय?

सल्ला देण्याआधी शत्रूची ओळख करून घ्यावी. लोखंडावर पाण्याचा थेंब पडला की तेथे एक इवलासा विद्युतघट तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन यांच्याशी त्यांची क्रिया होते. या दोन्ही क्रियांतून शेवटी लोखंडाचे जलयुक्त ऑक्साईड, म्हणजेच तांबडा गंज, तयार होतो.

केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी खाऱ्या पाण्याच्या थेंबावर प्रयोग करून एक मजेची गोष्ट दाखवली. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो आणि मध्यभागी कमी. पण लोखंड झिजते ते मध्यभागी! ट्रकला हाच नियम लागू पडतो. उघड्या बॉनेटवरचा गंज दिसतो मोठा, पण खरी झीज होते ती चिखल साचलेल्या खाचेत, दोन पट्ट्यांच्या फटीत आणि रिबिटाच्या डोक्याखाली. जेथे नजर जात नाही तेथेच धोका अधिक.

हिंगोली समुद्रापासून दूर असल्याने येथील हवेत मीठ नाही. साधारण ६० टक्क्यांहून कमी सापेक्ष आर्द्रतेत गंजण्याची क्रिया फार मंद असते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रक जवळजवळ सुरक्षित असतो. नुकसान होते ते पावसाळ्यात. त्यातच ट्रकमधून पोटॅश खताची वाहतूक झाली असेल, तर ते खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद! फटीत सांडलेले खत ओल धरून ठेवते आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढवून गंजाला वेग देते.

गंजाचा आणखी एक दुर्गुण म्हणजे तो फुगतो. मूळ लोखंडापेक्षा त्याचे आकारमान दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त होते. त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये शिरलेला गंज पाचरीसारखा दाब देऊन जाड पट्टीही वाकवतो. शिवाय तो पापुद्र्याने सुटतो, त्यामुळे आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. स्टेनलेस पोलादाचे तसे नसते. त्यातील क्रोमियमच्या ऑक्साईडचा पातळ थर पक्का चिकटून राहतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोच्या चार-चार किलोमीटर लांब निर्वात नळ्या स्टेनलेस पोलादाच्याच आहेत.

ऊर्जेचा हिशेबही करून पाहा. एक किलो लोखंडाचे पूर्ण ऑक्साईड होताना सुमारे ७४ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेने १० टनांचा ट्रक सुमारे ७५ मीटर उंच उचलता येईल! ही क्रिया वर्षानुवर्षे चालते म्हणून तिचा चटका आपल्याला जाणवत नाही.

पत्रा वेगळा, चेसिस वेगळी

आता ट्रककडे वळू. सगळा गंज सारखा नसतो. केबिनचा पत्रा, दरवाजे, फाळका हे गंजले तर कापून नवा पत्रा जोडता येतो. पण चेसिस आणि पाटे यांवर साऱ्या मालाचे वजन असते. सपाट पट्टीची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तर तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १० मिलिमीटरचा पाटा झिजून ९ मिलिमीटरचा झाला, तर जाडी फक्त १० टक्के कमी झाली. पण ताकद ८१ टक्के उरली आणि ताठपणा केवळ ७३ टक्के!

याहून वाईट म्हणजे गंजाने पडलेले खड्डे. ओढल्या जाणाऱ्या पट्टीत गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. इंग्लिस या अभियंत्याने १९१३ मध्ये दाखवले, की खाच जितकी खोल आणि टोकदार, तितका तेथील ताण अधिक. ट्रक खड्ड्यांतून जाताना हा ताण लाखो वेळा कमी-जास्त होतो. मग खाचेतून बारीक भेग निघते, वाढत जाते आणि एके दिवशी भरल्या गाडीत पोलाद तुटते. याला धातूचा शीण म्हणतात. गंजलेल्या चेसिसवर मनाला येईल तेथे ठिगळ लावणेही बरे नव्हे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात.

आपली एस.टी. हाच भेद लक्षात ठेवते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील तिच्या कार्यशाळांत चेसिसवर बसचा सांगाडा चढवला जातो. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एस.टी.ने काही जुन्या प्रवासी गाड्यांचे मालवाहू ट्रक केले. वरचा भाग बदलला, पण खालचा पाया तोच राहिला. पाया धड असेल तरच असा पुनर्जन्म शक्य होतो.

तपासणी कशी करावी?

१. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जेथे पकड ढिली पडते तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजा.
२. लहान हातोडीने चेसिस ठोका. धड पोलाद खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द आवाज देते.
३. तारेच्या ब्रशने गंज काढून व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजा. न गंजलेल्या जागेची जाडी शेजारी लिहा.
४. पाट्यांचे आधार आणि रिबिटांच्या जागी भेगा आहेत का, हे भिंगातून पाहा.

अखेरचा निर्णय मात्र जाणत्या मिस्त्रीने आणि फिटनेस तपासणीनेच व्हावा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे विसरू नका.

गेलेल्या पैशांचे काय?

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. भौतिकशास्त्रात एक सुंदर कल्पना आहे. डोंगराच्या मध्यावरून शिखरावर जायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य करावे लागेल, हे फक्त उरलेल्या उंचीवर अवलंबून असते. तुम्ही मध्यापर्यंत सरळ आलात की वळसे घेत घाम गाळून आलात, याने त्यात फरक पडत नाही. ट्रकचेही तसेच आहे.

समजा, आजच्या स्थितीत ट्रकचे १,२०,००० रुपये मिळतात. उरलेल्या कामाला १,८०,००० लागतील आणि तयार ट्रकची किंमत २,७५,००० होईल. २,७५,००० मधून १,८०,००० वजा केल्यास ९५,००० उरतात. हे १,२०,००० पेक्षा कमी आहेत, म्हणून विकणे शहाणपणाचे. पण मोजमाप करून चेसिस आणि पाटे धड निघाले आणि उरलेला खर्च १,२०,००० वर आला, तर १,५५,००० उरतात. मग काम पुरे करावे. दोन्ही हिशेबांत आधीचे ९०,००० कोठेच आले नाहीत! ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून कॉन्कॉर्ड विमानाचे काम हाती घेतले. खर्च वाढत गेला, तरी 'इतके घातले आहेत' म्हणून ते चालूच राहिले. त्यावरून अशा विचाराला कॉन्कॉर्डची चूक असे नावच पडले.

हिशेबात दोन गोष्टी जपून धराव्यात. एक, गंज उघडत जावा तसा खर्च वाढतो, म्हणून अंदाजात थोडी वाढ आधीच धरावी. दुसरी, आजोबांची आठवण. तिलाही किंमत आहे, पण ती पत्र्याच्या किमतीत मिसळू नये. आठवणीसाठी हॉर्न किंवा नंबरपाटी घरात ठेवता येईल. कच्च्या चेसिसवर दहा टन माल लादून रस्त्यावरच्या माणसांचा जीव मात्र धोक्यात घालता येणार नाही.

विकलेला ट्रक वायाही जात नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया बनतात. खनिजापासून पोलाद करण्यापेक्षा याला बरीच कमी ऊर्जा लागते, कारण खनिजातला ऑक्सिजन काढण्याचे काम आधीच झालेले असते. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी भंगारात दिल्यास प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते.

शिक्षकांना एक सूचना. तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवा : एकीत कोरडी हवा, दुसरीत उकळून थंड केलेल्या पाण्यावर तेलाचा थर, तिसरीत साधे पाणी. चौथ्या नळीत चिमूटभर पोटॅश घातलेले पाणी घ्या. आठवड्याने खिळे काढून घासा आणि त्यांचे वजन करा. ज्या विद्यार्थ्याने वजनातील घट स्वतः मोजली आहे, त्याला घरच्या ट्रकविषयी बोलताना नुसत्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही.