बुडून मृत्यू (न्यायवैद्यक)

नाक व तोंड पाण्यात किंवा अन्य द्रवात बुडाल्यामुळे श्वसनात अडथळा येऊन होणारा मृत्यू. अशा प्रकरणी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : मृत्यू बुडाल्यानेच झाला काय आणि तो अपघात, आत्महत्या की खून. पहिल्याचे उत्तर शवपरीक्षेतून पुष्कळदा मिळते. दुसऱ्याचे केवळ शवपरीक्षेवरून क्वचितच मिळते.

जिवंतपणी बुडालेल्या व्यक्तीच्या नाकातोंडावाटे बारीक बुडबुड्यांचा पांढरा, चिवट फेस येतो व फुप्फुसे फुगलेली आढळतात. घट्ट मुठीत पाणवनस्पती सापडणे हे बुडताना ती व्यक्ती जिवंत होती याचे सबळ लक्षण होय. तळहात-तळपायांची त्वचा सुरकुतणे मात्र शरीर पाण्यात होते एवढेच दर्शविते. डायाटम ही सिलिकायुक्त कवच असलेली सूक्ष्म शैवले श्वासाबरोबर फुप्फुसांत व रक्ताभिसरण चालू असल्यास अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. त्यांची तुलना घटनास्थळाच्या पाण्यातील डायाटमांशी करतात. परंतु ती न आढळल्याने बुडून मृत्यूची शक्यता नाहीशी होत नाही.

पाय घसरून पडलेल्या आणि ढकलून दिलेल्या व्यक्तीत ही लक्षणे सारखीच असतात. खडक, जलचर यांमुळे मृत्यूनंतरही जखमा होतात. बांधलेले हात खून सुचवितात. तथापि आत्महत्या करणारी व्यक्तीही कधीकधी स्वतःस बांधून घेते. म्हणून गाठी न सोडता, त्या स्वतः मारता येण्याजोग्या आहेत काय हे पाहतात. पाण्याची खोली, काठावरील खुणा, मद्यसेवन, फेफऱ्यासारखे विकार व पूर्ववृत्त यांचाही विचार करतात.

इंग्लंडमधील जॉर्ज जोसेफ स्मिथचा खटला (१९१५) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९१२ ते १९१४ या काळात त्याच्याशी विवाह केलेल्या तीन स्त्रिया स्नानाच्या टबात बुडून मरण पावल्या. प्रत्येक मृत्यू त्या त्या वेळी अपघाती ठरला होता. शवांवर झटापटीच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. तिन्ही घटनांतील साम्य उघड झाल्यावर त्या एकत्रित तपासण्यात आल्या. टबात बसलेल्या व्यक्तीचे पाय अचानक ओढल्यास प्रतिकाराविना शुद्ध हरपते, असे पोलिसांच्या प्रयोगात दिसले. स्मिथला ऑगस्ट १९१५ मध्ये फाशी देण्यात आली.

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस अशा मृत्यूचा पंचनामा करतात. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली असल्यास किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असल्यास शव वैद्यकीय तपासणीस पाठविण्याची तरतूद आहे. विहिरीत सापडलेल्या विवाहितेच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची ठरते. कारण घाईने अपघात नोंदविल्यास गुन्हा झाकला जातो, तर पुराव्याविना खून मानल्यास निरपराध व्यक्ती गोवली जाते. पुरावा अपुरा असल्यास मृत्यूचा प्रकार अनिर्णित ठेवणे हेच शास्त्रीय दृष्ट्या योग्य होय.