पाऱ्याने मोजलेला योग

हठयोगात बस्ती नावाची एक क्रिया आहे. साधकाने बेंबीइतक्या पाण्यात उकिडवे बसायचे, गुदद्वारात नळी धरायची आणि पाणी आत ओढून घेऊन आतडे धुवायचे. एनिमाचे भांडे नाही, पंप नाही. मग पाणी वर चढते कसे? प्राण त्याला ओढतो, नाड्या ओढतात, अशी उत्तरे दिली जात आणि ऐकणाऱ्याचे त्यावर समाधानही होई. जगन्नाथ गणेश गुणे यांचे झाले नाही. त्यांनी आतड्यात रबरी नळी सोडली, तिचे दुसरे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले आणि साधकाला नौली ही पोटाच्या स्नायूंची क्रिया करायला सांगितले. पोटाचे उभे स्नायू आवळून पुढे आले, तसा पारा हलला. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला होता. आत अंशतः निर्वात तयार होतो आणि पाणी तिकडे धाव घेते, इतका सरळ हिशेब. १९२४ सालच्या या शोधाला गुणे यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: माधवदास निर्वात.

हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. जन्म ३० ऑगस्ट १८८३चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा विद्यार्थी बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत घडला आणि पुढे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात पडला. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी भेटले आणि अखाड्यातल्या या माणसाला योगाची वाट सापडली. त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली होती. ती आज सांताक्रूझला आहे. एका गुरूच्या दोन शिष्यांनी गुहेतला योग घरात आणि प्रयोगशाळेत आणला, आणि दोघांनीही त्यासाठी महाराष्ट्राची भूमी निवडली. या गोष्टीचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही, असे मला वाटते.

बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीची क्ष-किरण चित्रे काढून झाल्यावर कुवलयानंदांनी १९२४च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम या योगसंस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. शास्त्रीय नियतकालिकाच्या शिस्तीत योगावरचे प्रयोग छापणारे असे दुसरे काही तेव्हा नव्हते.

कुवलयानंदांची खरी कसोटी मला प्राणायामावरच्या त्यांच्या कामात दिसते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे वाक्य तेव्हाही योगशिक्षकांच्या तोंडी होते आणि आजही आहे. त्यांनी श्वासातले वायू मोजले. निष्कर्ष प्रचलित समजाच्या उलट निघाला: संथ प्राणायामात मिनिटाला शरीरात जाणारा प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त नसतो. त्यांनी तो दडवला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांनी लिहून टाकले. आजचे शरीरशास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. निरोगी माणूस नुसता बसलेला असतानाही त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. जोरजोरात श्वास घेतल्याने त्यात फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरते. पहिल्यांदाच भस्त्रिका करणाऱ्याला येणारी चक्कर बहुधा हीच असते.

आपल्या श्रद्धेच्या विषयावर असे उलटे उत्तर स्वीकारणारा माणूस दुर्मीळ. कैवल्यधामची दारे परक्या संशोधकांनाही उघडी राहिली, ती याच वृत्तीमुळे. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन अमेरिकेतले संशोधक यंत्रे घेऊन भारतभर हिंडले. योगी हृदय थांबवतात, हा दावा त्यांनी तपासला. श्वास रोखून छातीतला दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागत नाही, ठोकेही ऐकू येईनासे होतात. विद्युतआलेखावर (ईसीजीवर) मात्र हृदय चालूच दिसते. चमत्कार गेला, पण श्वास, छातीतला दाब आणि नाडी यांचे नाते हाती राहिले.

आता शवासन. सकाळच्या योगवर्गात त्याची पाळी आली, की कित्येक जण सतरंजी गुंडाळून निघतात. नुसते पडून राहण्यासाठी कशाला थांबायचे? हठप्रदीपिकेने या आसनाची दोन फळे सांगितली आहेत: थकवा घालवणे आणि चित्ताला विश्रांती देणे. एकाच आसनाच्या पदरात शरीर आणि मन दोन्ही घातले आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी हे आसन उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शिकवले. त्यांच्या सहकाऱ्यांत देशमुख, दळवी आणि कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. १९६९ साली त्यांचा निबंध 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

शिकवण्याची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. उताणे पडायचे, पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून थोडे दूर, बोटे सैल, पापण्या मिटलेल्या. श्वास पोटातून, संथ. आत घेतल्यावर छोटा थांबा, सोडल्यावर त्याहून मोठा. मग सगळे लक्ष नाकपुड्यांवर: आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. बस्स. मंत्र नाही, देव नाही, कल्पनेतला प्रकाश नाही. रोज अर्धा तास; बहुतेक रुग्णांना तीनएक आठवड्यांत जमू लागे. ज्यांना औषध सुरू नव्हते अशा १० जणांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला, आणि औषधे घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या गोळ्या कमी करता आल्या.

निबंधात एक उणीव होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. डॉक्टरकडे वारंवार जाण्याने, कुणीतरी आस्थेने विचारपूस केल्यानेही दाब उतरतो. मग शवासनाचा वाटा किती? हे काम इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी पुढे नेले. १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी होती. योगातले शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक शिकलेल्यांचा दाब सहा आठवड्यांत १६८/१०० वरून १४१/८४ झाला. ज्यांना तितकाच वेळ दिला पण ही तंत्रे शिकवली नाहीत, त्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६. दुसऱ्या गटाचाही दाब उतरला, हे विसरू नये. पण दोहोंतले अंतर मोठे आहे.

असे का होत असावे? मानेतल्या मोठ्या रोहिण्यांत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब चढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचा वेग उतरवतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला, की ही यंत्रणा अधिक तल्लख होते. चित्त विचलित झाल्याच्या खुणा सांगताना पतंजलीने दुःख आणि खिन्नतेच्या जोडीला अंगाचा कंप आणि विस्कटलेला श्वास घातला आहे. मनाचा बिघाड श्वासात उमटतो, हे निरीक्षण जुने. श्वास सावरला तर दाब सावरतो, याची आकडेमोड नवी.

आणि जिथे आकडे साथ देत नाहीत, तिथेही आपण थांबून ऐकले पाहिजे. कंबरदुखीबाबत योगाची बाजू भक्कम आहे: अमेरिकेत ३२० रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचे ठरले. हृदयविकाराबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. झटका येऊन गेलेल्यांवर आपल्याच देशात 'योगा-केअर' ही मोठी चाचणी झाली. २४ रुग्णालये, ३,९५९ रुग्ण. २०२० साली निकाल आले. गंभीर हृदयघटना योगगटात १३१ जणांना, दुसऱ्या गटात १४६ जणांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध ठरत नाही. मात्र योग करणाऱ्यांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. भीती मनात घर करून बसलेल्या रुग्णासाठी हे थोडके नाही. 'योगाने ब्लॉकेज जातात' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचे ऐकून गोळ्या बंद करणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांच्या जिवाशी चाललेला हा खेळ बघवत नाही, आणि कुवलयानंदांनी उभ्या आयुष्यात केलेल्या कामाशीही ती प्रतारणा आहे.

स्वामीजी १८ एप्रिल १९६६ला गेले. केईएमचा निबंध त्यानंतर तीन वर्षांनी आला. मोजून पाहण्याची ती रीत आता आपण चालवायची आहे. आज गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगवर्ग होतात आणि तिथेच रक्तदाबही मोजला जातो. वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाचा दाब पहिल्या दिवशी आणि तीन महिन्यांनी नोंदवावा, शेजारी गोळ्यांचा डोस लिहावा, वर्ग मध्येच सोडणाऱ्यांची नावेही वगळू नयेत, आणि त्याच गावातल्या वर्गाला न येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी सोबत ठेवाव्यात. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती एक वही आणि ती नियमाने भरणारी आरोग्यसेविका, आणि तिच्या कामाच्या वेळेत या नोंदींसाठी राखून ठेवलेला अर्धा तास.