एका सरळ रेषेवरची इटली

इटलीचा नकाशा उघडा आणि पो नदीच्या दक्षिणेला नजर फिरवा. पिआचेन्झा, पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या, इमोला, फाएन्झा, फोर्ली, चेझेना, रिमिनी. पट्टी ठेवून पेन्सिल ओढली, तर रेघ जवळपास सगळ्या गावांना शिवत थेट एड्रियाटिक समुद्राला जाऊन भिडते. ही रेघ कुणीतरी खरोखरच आखली होती. इसवी सनापूर्वी 187 मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सुलने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत सुमारे 260 किलोमीटरचा रस्ता बांधून घेतला. तो व्हिया एमिलिया म्हणून ओळखला जातो, आणि आजच्या एमिलिया-रोमान्या प्रांताच्या नावातही तोच आहे.

इटलीची सुट्टी म्हटलं की आपल्याकडे रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा क्रम ठरलेला असतो. दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे, आणि मधला सगळा वेळ बॅगा भरण्यात. ती शहरं पाहण्यासारखी आहेत, यात वादच नाही. पण खाण्यासाठी आणि निवांत भटकण्यासाठी जायचं असेल तर शहरं निवडू नका, हा रस्ता निवडा. बोलोन्यात मुक्काम ठोका, रोज सकाळी निघा, रात्री परत या. शेंगेन व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचे पुरावे जोडावे लागतात, तेही मग एकाच पत्त्यावर भागतं.

ही योजना इतकी सहज का जमते, याचं उत्तर जमिनीत आहे. त्या काळी उत्तरेला पो नदीचं खोरं म्हणजे दलदल आणि पुराचं पाणी, दक्षिणेला अपेनाईन डोंगर. दोन्हींच्या मधोमध, डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या जमिनीचा एक पट्टा आहे. रस्ता नेमका त्या पट्ट्यावरून गेला. डोंगरातून उतरणारी प्रत्येक नदी त्याला कुठे ना कुठे छेदते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या छेदाजवळच गाव वसलं. सैन्याला एका दिवसात चालून जाता येईल, एवढीच ही अंतरं, बऱ्याचदा त्याहूनही कमी. फाएन्झा ते फोर्ली पंधरा किलोमीटर, मोदेना ते रेज्जो पंचवीस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन रोमनांनी सुमारे 710 मीटर बाजूच्या चौरसांत मापून वसाहतकऱ्यांना वाटली. विमानातून खाली पाहिलं तर शेतांच्या बांधांत, पाटांत आणि गाडीरस्त्यांत ते चौरस अजून दिसतात! साम्राज्य गेलं, भाषा बदलली, बांध मात्र तिथेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तीही याच रेषेला चिकटून. म्हणून आज बोलोन्याहून साध्या प्रादेशिक गाडीने मोदेना साधारण अर्ध्या तासावर आहे, पार्मा तासाभरावर. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आयत्या वेळी तिकीट काढलं म्हणून ते वाढत नाही. सकाळी खिडकीबाहेर पाऊस दिसला तर बेत बदलावा, काही बिघडत नाही. फक्त कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या.

आता खाण्याकडे वळू. इथले पदार्थ सुटे सुटे नाहीत, ते एकमेकांवर उभे आहेत. ओलसर सपाटीवर चारा, चाऱ्यावर गाई, गाईंच्या दुधाचं पार्मिजानो रेज्जानो चीज. चीज करताना जी निवळी उरते ती परंपरेने डुकरांना घातली जायची, आणि त्या डुकरांच्या मांड्या पार्माच्या दक्षिणेला लांगिरानोच्या टेकड्यांत, वाऱ्यावर, फक्त मीठ लावून वर्षाहून अधिक काळ मुरवल्या जातात. त्याचं पार्मा हॅम होतं.

चीजचा कारखाना बघायचा असेल तर मात्र पहाटे उठायला हवं, कारण ते काम दिवसातून एकदाच, सकाळी होतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदांत ठेवून वरची साय काढतात, मग त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात. तांब्याच्या, उलट्या घंटेच्या आकाराच्या खोल कढईत सुमारे अकराशे लिटर दूध मावतं. कालच्या चीजची आंबवलेली निवळी हेच विरजण. त्यात रेनेट पडलं की काही मिनिटांत दूध घट्ट होतं. मग कारागीर तारांच्या मोठ्या रवीने ते फोडत जातो, कण तांदळाच्या दाण्याएवढे होईपर्यंत. हळूहळू तापवून 55 अंशांपर्यंत नेलं की सगळे कण तळाशी बसून एक गोळा बनतो. तो कापडाने वर खेचतात आणि सुरीने मधोमध कापतात. एका कढईतून दोनच चीज, जुळी. साच्यातून निघाल्यावर त्यांना सुमारे वीस दिवस मिठाच्या पाण्यात पोहायला लावतात आणि मग उंच फळ्यांवर किमान बारा महिने झोपवतात. वर्षाने परीक्षक येतो, प्रत्येक चाकावर छोट्या हातोडीने ठोकतो आणि कान लावून ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. ज्याचा आवाज खरा, त्याच्यावरच तापलेल्या लोखंडाचा शिक्का. चाळीस किलोंच्या त्या चाकाची परीक्षा कानाने होते, यंत्राने नव्हे, हे मला फार विलक्षण वाटतं.

हे रेनेट वासराच्या जठरातून मिळवलेलं असतं आणि नियमाने तेच वापरावं लागतं. कडक शाकाहारी लोकांनी हे घरूनच ध्यानात घेऊन निघावं. इथे बऱ्याच ‘शाकाहारी’ पास्त्यावरही हे चीज किसलेलं असतं, आणि ते घालू नका म्हटलं तर ऐकतात.

या चीजच्या हद्दी नद्यांनी ठरवल्या आहेत. बोलोन्या जिल्ह्यात ते फक्त रेनो नदीच्या पश्चिमेला करता येतं, मांतोव्हा जिल्ह्यात फक्त पोच्या दक्षिणेला. पिआचेन्झात पोचलात की चीज बदललं, तिथे ग्राना पादानो. भरलेल्या पास्त्याचंही तसंच. बोलोन्या-मोदेनात तोर्तेल्लीनी, रेज्जोत काप्पेल्लेत्ती, पार्मात आनोलिनी. तासाभराच्या गाडीत आकार आणि सारण दोन्ही बदलतात. यांच्यात मांस असतं. मांस नको असेल तर पार्मात रिकोत्ता आणि पालेभाजी भरलेले तोर्तेल्ली देर्बेत्ता मागा. फेर्रारा या रेषेवर नाही, पण अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथले लाल भोपळा भरलेले काप्पेल्लाच्ची अप्रतिम असतात.

बोलोन्याचा स्वतःचा पास्ता म्हणजे ताल्यातेल्ले. बायका टेबलाएवढी पोळी लांबलचक लाटण्याने लाटतात, गुंडाळतात आणि सुरीने पट्ट्या पाडतात. 1972 साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये या पट्टीची अधिकृत रुंदी नोंदवली गेली. शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग! मनोरा सत्त्याण्णव मीटर उंच आहे, गणित करून पाहा, जुळतं. त्या प्रमाण पट्टीची सोन्याची प्रत तिथे ठेवलेली आहे. पास्त्याबद्दल एवढी काळजी असणाऱ्या गावात वाईट जेवायला खरंच मेहनत करावी लागेल.

मोदेनाचा दिवस वेगळा काढा, आणि तो बाल्सामिक व्हिनेगरसाठी. दुकानातली साधी बाटली आणि ‘त्रादित्सिओनाले’ लिहिलेली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरीत द्राक्षांच्या रसाखेरीज काही नसतं. रस उघड्या भांड्यात आटवून लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या ओळीत ठेवतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ज्युनिपर अशी निरनिराळी लाकडं. ही ओळ तळघरात नसते, घराच्या माळ्यावर असते, कारण उन्हाळ्याचा ताप आणि थंडीचा कडाका दोन्ही त्याला हवे असतात. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं, ते त्याच्याआधीच्या पिंपातून भरायचं, असं मोठ्यापर्यंत मागे मागे जायचं. किमान बारा वर्षं, ‘एक्स्त्राव्हेक्यो’ म्हणवून घ्यायला पंचवीस. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची ओळ लावायची आणि लग्नात ती तिच्याबरोबर पाठवायची, अशी इथली जुनी रीत. बाटली शंभर मिलिलिटरची आणि महाग, पण चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच पुरतं.

रेषा सोडून एक दिवस राव्हेन्नाला द्या. गाडीने तास-सव्वातास. इसवी सन 402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी तिथे हलली आणि पुढच्या दीडशे वर्षांत जी काचतुकड्यांची चित्रं भिंतींवर चढली, ती आजही तशीच झळकतात. गाल्ला प्लाचिदियाच्या छोट्या समाधीत खिडक्यांना पातळ अलाबास्टर दगड बसवलेला आहे. त्यातून येणाऱ्या मधाळ उजेडात छतावरच्या गर्द निळ्याला सवय होईपर्यंत थांबा, घाई करू नका.

पाऊस किंवा दमणूक असली तर बोलोन्यातच राहा. जुन्या शहरात अडतीस किलोमीटरच्या कमानीदार ओसऱ्या आहेत. 1288च्या नियमाने नव्या घरांना ओसरी काढणं सक्तीचं झालं, आणि तीही घोडेस्वार खालून जाईल एवढी उंच. छत्रीशिवाय अख्खा दिवस फिरता येतं. सान पेत्रोनिओ चर्चमध्ये दुपारी जा. कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये छताला, सत्तावीस मीटर उंचीवर, एक भोक पाडून जमिनीवर 66.8 मीटरची पितळी रेघ आखली. ऊन असेल तर माध्यान्हीला सूर्याचं वर्तुळ त्या रेघेवरून सरकतं. उन्हाळ्यात घड्याळात तेव्हा एक वाजून गेलेला असतो. वर्षभरात या वर्तुळाचा आकार किती बदलतो ते मोजून त्याने केपलरच्या सिद्धांताला आधार मिळवून दिला.

थोडं वेळेचं भान हवं. बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि साडेसातच्या आसपास पुन्हा उघडतात. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. 15 ऑगस्टच्या सुट्टीभोवती कितीतरी दुकानं, खानावळी कुलूप लावून समुद्राकडे जातात. मे किंवा सप्टेंबरचा शेवट सगळ्यात सुखाचा.

रिमिनीला गेलात तर स्टेशनवरून आधी तिबेरियसच्या पुलाकडे जा. व्हिया एमिलिया इथून सुरू व्हायची. इसवी सन 21 मध्ये पूर्ण झालेल्या या पुलाच्या पाचही कमानी उभ्या आहेत आणि लोक त्यावरून रोज ये-जा करतात. पलीकडे पिआदिना विकणारे ठेले भेटतील. ही गव्हाची तव्यावर भाजलेली पोळी, रिमिनीकडे ती पातळ आणि मोठी असते. पिठात डुकराची चरबी असू शकते, म्हणून ऑलिव्ह तेलातली आहे का ते विचारा, आणि पालेभाजी भरून दुमडलेला ‘कास्सोने’ मिळाला तर तोच घ्या.