शटर जड लागतंय? स्प्रिंग तुटायची वाट बघू नका



बंदी उठते त्या पहाटे सगळ्यांचीच घाई असते. जाळी, दोर, डिझेलचे कॅन खोलीतून काढायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच दोन महिने बंद राहिलेलं शटर हट्टाला पेटतं. मागे आपल्या एका सभासदाच्या खोलीचं शटर अर्ध्यावरून धाडकन खाली आलं. पाटी घेऊन आत शिरणारी बाई दोन पावलं मागे होती म्हणून वाचली. जाळी आत, तांडेल बाहेर. होडी त्या दिवशी गेलीच नाही. कारण एकच, वरची स्प्रिंग तुटली होती.

स्प्रिंग करते काय?
शटर गुंडाळतं त्या वरच्या आडव्या पाइपवर पोलादी पट्टीच्या स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की त्यांना पीळ बसतो. वर ढकललं की तोच पीळ सुटतो आणि शटरचं वजन पेलतो. म्हणजे शटर बंद असतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणात असते.

किती वर्षं टिकते?
स्प्रिंगचं आयुष्य वर्षांवर नाही, उघडझापीवर मोजतात. एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक फेरी. गाडीच्या गॅरेजच्या दारांना येणारी साधी स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांची धरतात. आपल्या शटरची बनावट वेगळी, म्हणून आकडा विकत घेतानाच विचारा. पण हिशोब तोच. १ जून ते ३१ जुलै बंदी सोडली तर वर्षाचे ३०४ दिवस उरतात. रोज ६ फेऱ्या झाल्या तर १०,००० फेऱ्या साडेपाच वर्षांत संपतात, रोज १० झाल्या तर सव्वातीन वर्षांत. त्यात मालीम असो, खारीवाडा असो की कुटबण, खारा वारा सगळीकडे आहेच. पट्टीला गंज धरला की तिथूनच तडा जातो आणि स्प्रिंग हिशोबाच्या आधीच तुटते.

आपण घरच्या घरी काय करायचं?
१. बाजूच्या पट्ट्यांतली रेती आणि खवले दर आठवड्याला ब्रशने काढा. गोड्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा.
२. त्या पट्ट्यांत ग्रीस भरू नका. ग्रीसला रेती चिकटते आणि शटर आणखी जड होतं. सिलिकॉनचा स्प्रे मारा.
३. रॉकेल म्हणजे तेल नव्हे. ते असलेलं वंगणही धुऊन नेतं.
४. ओली जाळी शटरला टेकवून किंवा त्यावर वाळत ठेवू नका.
५. महिन्यातून एकदा शटर अर्ध्यावर आणा, हात न सोडता पकड फक्त सैल करा. खाली कोणी उभं नको. जागेवर राहिलं तर ठीक. खाली घसरत असेल तर स्प्रिंग थकली.

शटर जड लागणं, एका बाजूला तिरकं जाणं, वरून कडकड आवाज येणं, या सगळ्या आधीच्या सूचना आहेत. त्या दिसल्या की शटरच्या मेस्त्रीला बोलवा. चार माणसं लावून उचलत राहू नका.

हे मात्र करू नका
वरची पेटी उघडून स्प्रिंग स्वतः सोडू नका. पीळ एकदम सुटला तर पाइप किंवा पाना गरकन फिरतो, बोटं आणि मनगट मोडतं. इंजिन खोलणारा हात असला तरी हे काम शटरवाल्याचंच. स्प्रिंगला तेलही त्याच्याकडूनच द्यायचं. एक तुटली असेल तर सगळ्या एकदम बदलून घ्या. बाकीच्यांनीही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात, आणि तुटलेलीचा भार त्यांच्यावर पडलेला असतो.

आमची विनंती एवढीच, की होडी वर काढता त्याच आठवड्यात शटरही दाखवून घ्या. नवी स्प्रिंग बसली की तारीख आतल्या भिंतीवर खडूने नको, रंगाने लिहा. आणि पोरांना शटरखाली खेळू देऊ नका.

– सचिव