टाकी 'भरली' म्हणजे नेमकं काय?

राजेहो, आपल्या वऱ्हाडात घर बांधताना देवघर कोणत्या दिशेला असावं यावर आठ दिवस चर्चा चालते. संडासची टाकी कुठं घ्यायची अन् केवढी, हे मात्र मिस्त्री दहा मिनिटांत ठरवून टाकतो. मग पावसाळ्यात चेंबरमधून घाण पाणी वर यायला लागलं की घरमालकाला टाकीची आठवण होते. 'टाकी भरली' म्हणून उपसायची गाडी येते, पैसे जातात अन् पंधरा दिवसांत पुन्हा तेच! अमरावती असो की अकोला, ज्या वस्तीत भुयारी गटार नाही तिथं हा अनुभव नवा नाही. सिव्हिलच्या मित्रांनी हा विषय परीक्षेपुरता वाचला असेलच. बाकीच्यांनी निदान आपल्या घरासाठी वाचावा.

पहिली गोष्ट म्हणजे चांगली सेप्टिक टँक नेहमी भरलेलीच असते. तिचं कामच तसं आहे.

टाकीत काय चालतं?

संडासचं पाणी टाकीत शिरलं की त्याचा वेग मंदावतो. जड पदार्थ तळाला बसतात, तो गाळ. तेल-तूप अन् हलके पदार्थ वर तरंगतात, त्यांची दुधासारखी साय धरते. मधला थर त्यातल्या त्यात स्वच्छ पाण्याचा असतो. जेवढं पाणी आत येतं, तेवढंच या मधल्या थरातून बाहेर पडतं. साय बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना 'टी' आकाराचा पाईप लावतात. तो तुटला किंवा मिस्त्रीने लावलाच नाही, तर साय थेट शोषखड्ड्यात जाते.

गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. ते विष्ठेबरोबर आपोआप येतात. त्यांच्यासाठी गूळ, ताक, यीस्ट किंवा बाजारातली पावडर टाकायची गरज नाही. ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर भसाभस ओतली तर मात्र ते मरतात. अन् रेती, कापड, सॅनिटरी पॅड, बंदी असूनही सापडणाऱ्या गुटख्याच्या पुड्या हे कोणताच जिवाणू पचवत नाही. होस्टेलवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं!

आकडेमोड करून पाहू

आयएस २४७० या भारतीय मानकानुसार टाकीत किमान १००० लिटर पाणी मावलं पाहिजे. रुंदी किमान ७५ सेंमी, पाण्याची खोली किमान १ मीटर अन् लांबी रुंदीच्या २ ते ४ पट. गाळ नीट बसायला पाणी साधारण एक दिवस टाकीत थांबावं लागतं.

समजा घरात पाच माणसं आहेत अन् न्हाणी, स्वयंपाकघर, संडास असं सगळंच पाणी टाकीत सोडलंय. माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे ६७५ लिटर झाले. नव्या टाकीत हे पाणी दीड दिवस थांबतं. गाळ अन् सायीने एक तृतीयांश जागा खाल्ली की उरतात साधारण ६६७ लिटर, म्हणजे जेमतेम एक दिवस. निम्मी जागा गेली की फक्त १८ तास! मग गाळ बसायच्या आतच पाण्याबरोबर पुढं निघतो. म्हणून एक तृतीयांश जागा गेली की उपसायचं, हा नियम. साधारणपणे दर दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. जमत असेल तर न्हाणीचं पाणी वेगळं काढावं, टाकीवरचा भार बराच कमी होतो.

काळ्या मातीची अडचण

टाकीतून निघालेलं पाणी शुद्ध नसतं, रोगजंतू त्यात असतातच. पुढची गाळणी जमिनीने करायची असते. इथंच आपली काळी माती आडवी येते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यातून घाण पाणी न गाळताच खाली जातं. पावसाळ्यात तीच माती फुगून घट्ट होते अन् पाणी पीतच नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर ही चिकण माती फार खोलवर असते.

म्हणजे पावसाळ्यात बिघाड बहुतेक वेळा टाकीत नसतो, शोषखड्ड्यात असतो. ओळखायचं सोपं आहे. झाकण उघडून लांबूनच पाहावं. पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपाच्याही वर चढलं असेल तर पुढचा मार्ग किंवा शोषखड्डा तुंबला. पातळी पाईपाबरोबर आहे अन् तरी संडास तुंबतोय, तर अडथळा घर ते टाकी या लाईनीत आहे. दोन्ही वेळी नुसती टाकी उपसून काहीच साधत नाही.

घट्ट मातीत शोषखड्ड्याऐवजी गिट्टीचा, खालून वर पाणी चढणारा फिल्टर घ्यावा, असा मार्ग मानकातच आहे. शोषखड्डा घ्यायचाच असेल तर तो विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. बिनतळाचा खड्डा खोदून त्याला सेप्टिक टँक म्हणणं तर बंदच व्हायला पाहिजे. शेजारच्या बोअरचं पाणी पिणाऱ्यांचा तो गुन्हा आहे.

माणूस आत उतरवायचा नाही

टाकीत मिथेन अन् हायड्रोजन सल्फाईड साचतात. मिथेन पेट घेतो, म्हणून तिथं काडी ओढू नये. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. 'वास गेला, आता धोका नाही' असं वाटतं अन् माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. देशभरातल्या अशा बातम्यांत एकापेक्षा जास्त मृत्यू असतात, त्याचं कारण हेच.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण गेलेला माणूस काही परत येत नाही. म्हणून गाडीच बोलवा, पाईपानेच उपसा. थोडा गाळ तळाला राहू द्या, त्यात पुढचे जिवाणू असतात. गाडीवाला मैला नाल्यात ओततो की प्रक्रिया केंद्रात नेतो, हेही विचारा.

शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली. आपल्या पदवीवर त्यांच्याच नावाचं विद्यापीठ असतं. उद्या घराच्या नकाशावर सही करायची वेळ आली तर गाडी टाकीपर्यंत पोचेल का, झाकण उघडता येईल का, विहीर किती दूर आहे, एवढं विचारून मगच सही करा. अन् या सुटीत घरी गेलात की आपली टाकी शेवटची कधी उपसली ते विचारा. उत्तर 'आठवत नाही' आलं, तर समजा वेळ झाली.